पुलावरचे प्रेक्षक

धरणाचा भोंगा वाजला की शहाणी गावं उंचावर जातात. आमचं गाव पुलावर जातं. पूर बघायला! परवा दुपारी मीही गेलो, हातात भाजलेलं कणीस घेऊन, नाटकाला जावं तसा. पाणी पुलाच्या खाली दोन हातांवर आलं होतं. कठडा थरथरत होता, आणि बायका नदीची ओटी भरायला ताटं घेऊन उभ्या होत्या.

शिट्ट्या फुंकून होमगार्डच्या बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. "मागं सरा! ताई, ओटी काठावरून भरा!"

"दरवर्षी हाकलता," आमचे शेजारी बापू ओरडले. "एकदा तरी पडला का पूल?"

"पडला असता, तर विचारायला तुम्ही असता का, काका?"

सगळे हसले, पण हललं कुणीच नाही. मग बाईंनी एका ताईचं ताट सरळ स्वतःच्या हातात घेतलं आणि त्या काठाकडे चालू लागल्या. ताटामागे बायका निघाल्या, बायकांमागे आम्ही.

काठावर आल्यावर वाटलं, साथ येवो की पृथ्वी तापो, सावध करणाऱ्याचं नशीब हेच. त्याचं ऐकलं तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही म्हणून तोच खोटा ठरतो. तरी त्यानं ओरडायचंच, कारण तो गप्प बसला तर बुडणारे दुसरेच असतात.

तासाभरानंही पूल उभाच होता. "बघा, उगाच घाबरवलं!" बापू म्हणाले.

मी मात्र बाईंपुढे झोकात हात जोडले. "बाई, पूल पडला नाही, त्याबद्दल आभार."

"पाणी अजून चढतंय," त्या म्हणाल्या. "आणि तुमचा पाय पुन्हा पुलावर आलाय."

मी खाली पाहिलं. खरंच आला होता.