दोन बोटं जास्तीची नळी

बायकांनी फुंकायचं ते चुलीत, असं आमच्या गावात समजत. त्यासाठी फुंकणीही देत, चांगली लोखंडाची. मी त्याऐवजी फ्लूगलहॉर्न विकत घेतला. यात माझं काय चुकलं ते मला आजपर्यंत कोणी नीट सांगितलेलं नाही. ओरडले पुष्कळ. सांगितलं कोणीच नाही.

फ्लूगलहॉर्न म्हणजे बँडमधल्या ट्रंपेटचा अंगाने भरलेला भाऊ. तसंच पितळ, तसेच तीन खटके, पण नळी पुढे पुढे रुंद होत जाते, म्हणून आवाज मऊ. ट्रंपेट कानात घुसतो, हा कानात बसतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि एका लग्नाच्या मांडवात भाताची पातेली उतरवत होते. पातेलं हातात तसंच राहिलं आणि आचाऱ्याने माझा उद्धार केला.

आमचं घर सनईवाल्यांचं. आरोंद्याच्या खाडीकाठचं गाव, गावच्या देवळात वाजवण्याची पाळी एक वर्ष बाबांची आणि एक वर्ष चुलत काकांची. सनईवाला कधी एकटा वाजवत नाही. त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसतो आणि एकच सूर न तोडता धरून ठेवतो. त्याच्या हातातल्या सनईलाही आम्ही नुसतं ‘सूर’ म्हणतो. माझा भाऊ मुंबईला गिरणीत गेला, मग घरच्या रियाजाला सूर धरायला राहिले मी. बाबांनी मला पपईच्या पानाचा पोकळ देठ दिला आणि पाण्याच्या तांब्यात फुंकायला बसवलं. नाकाने श्वास घ्यायचा, गालातल्या वाऱ्याने फुंकत राहायचं, बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. वर्षभरात माझे बुडबुडे थांबायचे बंद झाले. पण देवळात सूर धरायला काकांचा मुलगा. त्याचा दम मध्येच तुटायचा, सूर घसरायचा, आणि मी देवळाबाहेर बायकांच्या घोळक्यात दात खात उभी. बाईमाणसाने देवासमोर वाजवायचं नसतं म्हणे. देवाने असं कोणाच्या कानात सांगितलं होतं, कोण जाणे!

गोवा सुटला त्याच्या पुढच्या वर्षी बाजारातल्या बँडचा फ्लूगलहॉर्नवाला आफ्रिकेला गेला. बँडचे मास्तर मुसलमान, बरीच वर्षं बोटीवर नोकरी करून परत आलेले, स्वभावाने तिरकस पण कानाचे पक्के. मी सरळ त्यांच्या तालमीच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

“मास्तर, माका बँडात घ्या.”

“आणि वाजयतलंस काय? थाळी?”

सगळे खो खो हसले. मी म्हटलं, “तुमचो हॉर्नवालो गेलो ना, तेच्या जाग्यार.”

“तेणां आपलो हॉर्न वांगडा नेलो,” मास्तर म्हणाले. “तू स्वतःचो घेवन ये, मगे बघू.”

त्यांनी ते मला वाटेला लावायला म्हटलं होतं, हे न कळायला मी काही खुळी नव्हते. पण शब्द म्हणजे शब्द. पाच माणसांसमोर दिला होता.

घरी सांगितलं तेव्हा आई उसळली. “ओठ सुजान भोपळो झाल्यार घो कोण देतलो गो तुका?”

“ओठ बघून येणारो घो नकोच माका,” मी म्हटलं. काथ्या वळून साठवलेले माझे स्वतःचे पैसे होते, त्यामुळे परवानगीचा प्रश्न मी मनातल्या मनात मिटवून टाकला होता. बाबा विड्याचं पान लावत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “सुरात आसता काय तां?”

काथ्या घेऊन खाडीपलीकडे गोव्यात जाणाऱ्या बाईकडून कळलं होतं की म्हापशाच्या अलीकडे एका चर्चच्या बँडमास्तरची विधवा नवऱ्याची वाद्यं विकते आहे. बाबा आणि मी तरीने खाडी ओलांडली. वर्षापूर्वीपर्यंत तिथे शिपाई बंदूक घेऊन उभा असायचा, आता नुसती कोंबडी फिरत होती. बाबांनी पिशवीत सूर घेतला होता. कशाला, म्हणून मी विचारलं नाही. आमच्या घरात कुठलंही वाद्य सुराशिवाय कोणी निवडत नसे.

बाईंनी पलंगावर पांढरी चादर अंथरून दोन फ्लूगलहॉर्न मांडले होते. एक निकेलचा, असा लखलखीत की माझं नाक त्यात वांग्याएवढं दिसत होतं. दुसरा जुन्या पितळेचा, काळवंडलेला, तोंडाच्या कडेला पोचा, मधला खटका दाबला की वर यायला आढेवेढे घेणारा.

“हो नवो,” बाई निकेलच्या हॉर्नवर हात ठेवून म्हणाल्या. “तो म्हज्या मांवाचो.” म्हणजे सासऱ्यांचा.

मी नवा उचलून फुंकला. फुस्स! सनईला जिभली असते, ताडाच्या पानाची. इथे काही नव्हतं, नुसती वाटीसारखी तोंडपट्टी. बाई हसल्या नाहीत. जवळ आल्या, स्वतःचे ओठ घट्ट मिटून माशीसारखे गुणगुणवून दाखवले. इथे आपले ओठच जिभली. लहानपणी समुद्रावर सापडलेला शंख मी फुंकून फुंकून शेजाऱ्यांना वात आणला होता, तेच ओठ आठवले आणि दुसऱ्या फुंकेला आवाज आला. नळी कशी तपासायची तेही बाईंनी दाखवलं. खटका न दाबता त्याची वळणदार नळी ओढून काढायची, फट् करून आवाज झाला तर वारा कुठे गळत नाही.

“तुमकां इतलें कशें कळटा?” मी विचारलं.

“हांव घरांत वाजयताली,” त्या म्हणाल्या. “घरांतच.” आणि चादरीची सुरकुती सारखी करू लागल्या.

मग बाबांनी सूर काढला आणि मांडी घालून जमिनीवर बसले. त्यांचा सूर सुरू झाला, मी नवा हॉर्न त्यावर लावला. तो सुराच्या खाली बसत होता. ओठ ताणले तरी खालीच. बाबांनी मान हलवली. मी जुना घेतला. फुंकला मात्र, खोलीत दोन आवाज आहेत हेच कळेना! बाबांचे डोळे मिटले. मी थांबले तरी ते थांबेनात.

“होच,” ते म्हणाले.

“नवो व्हर गो,” बाई मला परत परत सांगत होत्या. आणि खरं सांगते, मलाही नवाच हवा होता. त्या चकचकीत हॉर्नवर माझा जीव जडला होता. पण सनईवाल्याच्या घरात सुरावर शंका घेणाऱ्याला जेवण मिळत नाही. मी जुना घेतला, पदरात गुंडाळला आणि तरीत मांडीवर ठेवून घरी आणला. आणि तिथेच आम्ही दोघं सपशेल फसलो होतो. अशी चूक सनईवालाच करू जाणे.

दोन महिने मी ओठ फुटेस्तोवर घासलं. खटक्यांना रॉकेलचं बोट लावलं, मधला खटकाही वठणीवर आला. संध्याकाळी बाबा सनई घ्यायचे, मी हॉर्न घ्यायची, आणि आई तोंडाने काहीही म्हणो, भाकरी थापायची थांबायची. मग एक दिवस मी मास्तरांच्या खोलीत गेले.

पहिल्याच ओळीला सगळा बँड नासला. क्लॅरिनेटवाल्याने कानात बोट घातलं. मी वरच, बाकी सगळे खाली. मी जीव तोडून वाजवावं तर ते आणखी वाईट लागे. कोणीतरी म्हणालं, “म्हटलेलां मी, बायलांचां ह्यां काम न्हय,” आणि माझ्या कानशिलाला आग लागली. मास्तरांनी सगळ्यांना गप्प केलं, माझ्या हातातून हॉर्न घेतला, स्वतः वाजवून पाहिला आणि मग खाली ठेवून हळूच हसले.

“हो जुन्या पलटणीचो,” ते म्हणाले. “तेवां बँड चढ्या सुरात लावत. आता जग खाली उतारलां. तुज्या बापाशीन आपल्या सनयेक जोड हाडली, बँडाक नाय.”

मी तोंडाकडची नळी होती तेवढी ओढून पाहिली. पुरत नव्हती. मास्तरांनी बोटं लावून मापलं. दोन बोटं नळी वाढवली तर हा बँडात बसेल, बाजारातला तांबट ती कापून, डाग देऊन जोड घालून देईल. “पण एकदा कापलो काय बापाशीच्या सनयेवांगडा परत बसाचो नाय. इचार कर, बाय. घरात ठेव, दोगां मिळान वाजया. वाजयतंस बरां तू. खोटां कित्या सांगू?”

घरात ठेव! सगळ्यांनाच ते किती सोयीचं होतं. चार दिवस मी हॉर्न नुसता पुसत बसले. बाबांची सनई आणि माझा हॉर्न एका सुरात लागायचे तेव्हा मला जे वाटायचं, तसं पुढे कशानेच वाटलं नाही, हे मी आज कबूल करते. पण त्या म्हापशाकडच्या बाई चादर सारखी करताना डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. मला पडवीत म्हातारं व्हायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी देवळाच्या मानकऱ्यांनी बाबांना बोलावणं धाडलं. कशासाठी ते सांगायला नको होतं. बाबा तिकडे गेले आणि मी हॉर्न घेऊन इकडे तांबटाकडे.

तांबटाने हॉर्न उलटासुलटा केला, माप घेतलं, करवत काढली आणि ठेवून दिली. “बापाशीक घेवन ये. उद्या माज्या नावान बोंब नको.”

“हॉर्न माझो आसा.”

“आसात. बापाशीक घेवन ये.”

मी तिथेच फळीवर बसले. म्हटलं, कापल्याशिवाय उठत नाही, गिऱ्हाईकं येतील ती माझ्या डोक्यावरून येतील. दोन हंडे आणि एक बंब येऊन गेला. ऊन फळीवर चढलं. मग मास्तरांकडे माझी चौकशी करून बाबा आले. दमेकरी माणूस, चढाव चालून आलेले, धापा टाकत होते. माझ्या शेजारी बसले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“घरात काय फुकूचां तां फुकांदे म्हणाले. रस्त्यार बँडात फुकल्यान तर पाळी काढून घेतलव.”

“मगे?”

“मिया म्हटलंय, घरातच फुकूची होती तर तिका शिकयलंय कित्या?” बाबांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. “पाळी तेंका देवन इलंय.”

चार पिढ्यांची पाळी ती. मी घाबरून म्हटलं, “नको, बाबा. नको कापूया.” माझा सगळा ताठा त्या एका क्षणात कुठे गेला देव जाणे. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सहा वर्षांची आहे आणि माझे बुडबुडे थांबलेत.

“दोन बोटां म्हणालो ना मास्तर?” ते तांबटाला म्हणाले. “काप.”

नळी कापली गेली तेव्हा बाबा रस्त्याकडे बघत होते. मी मात्र शेवटपर्यंत बघितलं. आपण केलेलं आपणच बघायचं असतं.

मास्तरांनी शब्द पाळला. बँडात माझ्या वाट्याला आलेलं पहिलं लग्न आमच्याच गावातलं निघालं. मास्तर म्हणाले, हे सोडू, पुढचं घे. मी म्हटलं, हेच. गावची रीत अशी की वरात देवळासमोर थांबते, नवरा-नवरी नारळ ठेवतात आणि बँड एक चाल हळू वाजवतो. ती चाल फ्लूगलहॉर्नची. बाकीच्यांनी नुसता ठेका धरायचा.

वरात थांबली. मानकरी पायऱ्यांवर ओळीने उभे होते, हातांची घडी घालून. नारळ ठेवला. मास्तरांनी माझ्याकडे बघून बोट वर केलं. ठेकेवाल्यांचे हात हवेतच राहिले, कारण पायरीवरून कोणीतरी “खबरदार!” असं ओरडलं होतं. माझे ओठ कोरडे पडले. नुसते ओठ थरथरले तर त्या हॉर्नमधून बेडूक निघतो, आणि त्या सगळ्यांना तोच ऐकायचा होता.

तेवढ्यात गर्दीतून बाबा पुढे आले. मला वाटलं, माफी मागतात की काय. ते माझ्या आणि पायऱ्यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. सगळं आयुष्य त्या देवळात वाजवलेला माणूस, बाहेर पडतानाही देवाला पाठ नको म्हणून उलट्या पावलांनी उंबरठा उतरायचा. त्यांनी देवळाकडे आणि मानकऱ्यांकडे पाठ केली आणि तोंड माझ्याकडे.

“वाजय,” ते म्हणाले. “आयकतंय मी.”