तेल लावलेली स्की

बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही डेन्व्हरला दोन खोल्यांत राहत होतो. माझा उजवा पाय जाऊन सहा वर्षं झाली होती. हाडात गाठ निघाली म्हणून नवव्या वर्षी मांडीतून कापला. ओळखीतले मराठी काका सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनियर. बाबा लेथवर काम करणारे, मॅट्रिकही न झालेले, चुलतभावाने बोलावून घेतलेले. त्या हिवाळ्यात आम्ही एकाच खोलीतला हीटर लावायचो. आई ड्रायक्लीनरकडे लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची.

हॉस्पिटल पाय कापलेल्या मुलांना शनिवारी फुकट डोंगरावर बर्फात घसरायला न्यायचं. एका पायाला स्की, म्हणजे घसरायची लांब पट्टी, हातांत दोन कुबड्या, कुबड्यांच्या टोकाला छोट्या स्की. मला ते जमलं. नुसतं जमलं नाही, मी सगळ्यांच्या पुढे गेले, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आईला मात्र बघवायचं नाही. गणपतीत एक काकू तिला म्हणाल्या, "अहो, आहे तो पाय तरी धड राहू द्या पोरीचा."

घरी आल्यावर आई म्हणाली, "ऐकलंस ना?"

"आय हर्ड."

"मराठीत बोल."

"ऐकलं. सोडणार नाही."

मार्चमध्ये अपंग खेळाडूंच्या राष्ट्रीय टीमची निवड होती. तीन मुली घेणार होते. टीममध्ये गेलं की प्रवास, कोच, सामान सगळं त्यांचं. नाही घेतलं तर स्की बंद. "मला आता झेपत नाही गं," बाबा म्हणाले. ते असं कधी बोलत नसत, म्हणून मला जास्त भीती वाटली.

निवडीला आई पहिल्यांदाच आली. घाटात बर्फात गाडी अडकली आणि आम्ही पोचलो तेव्हा माझा नंबर पुकारत होते. सरावाला वेळच उरला नाही. उतरायचं दोनदा, दोन्ही वेळांची बेरीज धरायची. तिसऱ्या वळणालाच कळलं, स्की धावत नाहीये. बर्फ तिला धरून ठेवत होता. माझ्यामागे एकच मुलगी राहिली, तीही पडली म्हणून.

खाली येऊन स्की उलटी केली. तळावर पांढरा गोठलेला थर होता. त्याला माझ्या वेणीचा वास येत होता.

"सकाळी मीच लावलं," आई म्हणाली. "कोरडी ठक्क दिसत होती. तुझ्या मांडीला रोज लावते ना, तसंच."

खोबरेल. थंडीत तेलाची बाटली हीटरवर ठेवून पातळ करणारी माझी आई, आणि तिला इथे हे सुचलं नाही. इतक्या वर्षांत तिने माझ्या स्कीला हात लावला तो त्याच दिवशी. माझ्या तोंडात शब्द आले होते, वाईट शब्द.

बाबा गुडघ्यांवर बसले. खिशातली मापाची स्टीलची पट्टी काढली आणि टोकापासून तळ खरवडायला लागले. "तिला काही बोलू नकोस."

"बाबा, संपलं."

"खाली पोचल्यावर सांग संपलं की नाही."

दुसऱ्या फेरीत सगळ्यांत कमी वेळ माझा लागला. बेरजेत मी चौथी आले. राखीव.

परतताना गाडीत आई म्हणाली, "दोनच बोटं घेतलं होतं गं." बाबांनी वायपर चालू केले.

पुढचे नऊ महिने मी फोनची वाट पाहिली. खरं सांगते, त्या तिघींपैकी कोणाचं तरी हाड मोडावं असं रोज वाटायचं. डिसेंबरात एकीचं खांद्याजवळचं हाड सरावात मोडलं आणि फोन आला. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले, आणि तिच्यासाठी नाही रडले. बॅग भरताना आईने तेलाची बाटली बाहेर काढून ठेवली.

तीन वर्षांनी एका पायाच्या मुलींच्या गटात मी स्लॅलमची, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीची, राष्ट्रीय चॅम्पियन झाले. पुढच्या वर्षी पुन्हा झाले, आणि त्याच वर्षी आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली.