तिच्या सुरातली फुगडी

गोव्यातल्या आमच्या लाटंबार्से गावात काजूच्या दिवसांत मान धरली म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. डोक्यावरून बोंडूंच्या, म्हणजे काजूफळांच्या, पाट्या वाहिल्या की मान धरणारच. त्यामुळे माझी बायको तापाने फणफणली आणि तिची मान खाली वाकेना, तेव्हा आईने सरळ फेणीची बाटली काढली. "वजन उचललां, मान धरली. चोळतंय, बरा वाटात," म्हणाली. आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. दिवा डोळ्यांना सोसेना. मग ती मलाच "तुमी कोण?" विचारू लागली आणि मी धावत जाऊन गाडी आणली. साखळीच्या दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टरांनी कण्यातून पाणी काढून तपासलं. जंतूंमुळे झालेला मेनिंजायटिस. मेंदूभोवतीच्या पडद्यांना सूज आली होती, मान ताठली होती ती त्यामुळे. फेणी बिचारी तिथपर्यंत कशी पोचणार?

ती वाचली. पण आजार आतल्या कानापर्यंत गेला होता. दोन्ही कान गेले, शरीराचा तोलही गेला. घरी आली ती भिंत धरून चालत, आणि येताच आमच्यावर डाफरली, "पुटपुटतास कित्याक? तोंड उघडून बोला, माका ओठ दिसांदेत!" घरात तिच्यापुढे कुणाची डाळ आधीही शिजत नव्हती.

मला धास्ती होती गणपतीच्या चवथीची. आमच्या वाड्यावरच्या फुगडीचं गाणं लग्न होऊन आल्यापासून तीच सुरू करते. तो मान गेला असता तर ती आतून मोडली असती. रोज मागच्या अंगणात माडाला धरून ती गिरक्या घ्यायची. पडायची, उठायची. मी धावलो तर डोळे वटारायची. असली हट्टी बाई माझ्या वाट्याला आली याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती गणपतीपुढे उभी राहिली. शेजारणींनी दोन्हीकडून हात धरले. तिने गाणं सुरू केलं. शब्द सगळे बरोबर, सूर मात्र कुठल्या कुठे. स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही, तिला कसं कळणार?

एरवी एकमेकींची बारीकशी चूकही न सोडणाऱ्या त्या बायका. त्यांनी पुढची ओळ उचलली ती तिच्याच सुरात. पाय आपटत, गरगर फिरत, तिच्याइतक्याच बेसूर गायल्या. गाणं संपेपर्यंत एकीनेही आपला सूर धरला नाही.