खाली बसायला मनाई

"रहने दो, उसको आदत है नीचे बैठने की."

आमच्या सरपंच वहिनीसाहेब दिल्लीच्या शिपायाला हे म्हणाल्या. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसले होते. जमिनीखालच्या मेट्रो स्टेशनात. येणारीजाणारी माणसं मला वळसा घालून जात होती. बाकावर वहिनीसाहेब आणि शेजारच्या जागेवर त्यांची पिशवी.

बायकांना राखीव जागा आल्या म्हणून मी ग्रामपंचायतीत मेंबर झाले. धनगराची बाई, चौथी शिकलेली. शिरूर तालुक्यातलं आमचं गाव. बैठकीत सगळे खुर्चीवर, मी दाराजवळ पोत्यावर. सहीचा कागद खाली यायचा. खाली बस असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. मेंबर बायकांचं शिबिर निघालं, दौंडला रेल्वेत बसून आम्ही दिल्लीला गेलो. तिथंही मी तशीच बसले.

शिपाई हटला नाही. "माताजी, यहाँ नीचे बैठना मना है. ऊपर बैठिए."

वहिनीसाहेब पिशवी उचलतील म्हणून मी बघत राहिले. त्या म्हणाल्या, "ए, तिकडं भिंतीला जाऊन हुबी ऱ्हा. मेंढराचा वास मारतोय तुझ्या अंगाला. लोकं बघत्यात."

मला खाली बसायला मनाई करणारा हा पहिला माणूस. त्याला माझी जात ठाऊक नव्हती. मी उठले. पिशवी उचलून वहिनीसाहेबांच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसले.

"ऊठ."

"न्हाई उठत. मी बी मेंबर हाय."

गावी आल्यावर बैठकीत खुर्ची मागितली. सगळे हसले. मी उभी राहिले. पुढच्या बैठकीलाही उभीच. महिन्याभरात वहिनीसाहेबांच्या भावकीनं त्यांच्या रानात आमची मेंढरं बसवणं बंद केलं. खतासाठी मेंढरं बसवायची, त्याचं धान्य मिळायचं, त्यावर घर चालायचं. नवरा चिडला.

"खाली बसलीस तर काय जातंय तुझं?"

"माझंच जातंय."

नंतर तो मेंढरं घेऊन लांबच्या गावांना हिंडला. घरी आम्ही अर्ध्या पोटी राहिलो. मुदत संपेपर्यंत मला खुर्ची मिळाली नाही. पण कागद टेबलावर ठेवल्याशिवाय मी सही केली नाही. आता म्हातारी झाले, गुडघे धरतात. तरी वहिनीसाहेबांच्या ओसरीवर खाली अजून बसत नाही. बसणारही नाही.

हे दुसऱ्या कुणाचं ऐकून सांगत नाही. ती मेंबर मीच.