दुसऱ्या सीडीवरची खार

तो सिनेमा माझ्या मुलीने कधीच पाहिला नाही. नवरा आखातातून सुट्टीवर येताना एक जाड डबा घेऊन आला होता, आत दोन सीडी. पहिलीवर सिनेमा, जुन्या काळचा, एकेक चित्र हाताने काढून केलेलं कार्टून. दुसरीवर त्याच सिनेमाचं जादा सामान: तो कसा केला, कुठले प्रसंग गाळले, चित्रकार काय म्हणतात. पहिली सीडी कुणीतरी बघायला नेली, ती परत आलीच नाही. मुलीला लागायची ती दुसरी, आणि तिच्यावरचाही फक्त सुरुवातीचा मेनू. पेन्सिलीने काढलेली, रंग न भरलेली एक खार फांदीवरून खाली यायची, इकडेतिकडे बघायची आणि परत ढोलीत शिरायची. मागे बासरीसारखं काहीतरी वाजायचं. खार आत गेली की क्षणभर सगळं थांबायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या थांबण्यात माझी मुलगी तोंड उघडायची. एक खार, एक घास. ती नऊ वर्षांची आहे, बोलत नाही, आणि चार वर्षं ती अशीच जेवत होती. पाहुणे सांगायचे, टीव्ही बंद करा, भूक लागली की आपोआप खाईल. अशांना मी म्हणायचे, मग दोन दिवस घेऊन जा तिला. ते चहा संपवून उठायचे.

नवरा दर फोनवर विचारायचा, त्या सीडीची कॉपी काढलीस का? मी म्हणायचे, काढते. शाळेत गृहपाठ न करणाऱ्या मुलांना मी उभं करते, आणि माझा हा एवढासा गृहपाठ चार वर्षं तसाच पडला होता.

पोलादपूरजवळच्या कापडे गावातलं आमचं घर एकच, मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडं केलेली. भिंत छपरापर्यंत गेलेली नाही, त्यामुळे पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळतं. पलीकडे माझे दीर आणि मोठ्या जाऊबाई. जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. मी शाळेत असताना मुलीजवळ त्याच बसतात.

त्या दिवशी मी दुपारी घरी आले तर ओट्यावर ताटं, वाट्या आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकवून उभी केलेली ती सीडी.

"लय बोटं उमटली होती गो तिच्यावर," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "म्हटलं, जरा राखेनं घासून देते. बघ कशी लख्ख झाली हाय."

काथ्या आणि चुलीतली राख. पितळेचं ताट घासावं तशी गोल गोल घासली होती. मी ती प्लेअरमध्ये घातली. तो घरघरला आणि पडद्यावर निळा रंग आला. मुलगी ताटासमोर बसलेली. तिने रिमोट उचलून माझ्या हातात दिला. मी पुन्हा लावून पाहिली, तिने पुन्हा रिमोट दिला. मग तिने मनगट चावायला सुरुवात केली.

मला राग आला की समोर कोण आहे हे दिसत नाही. मी वहिनींना म्हणाले, "यापुढे माझ्या पोरीला हात लावायचा नाही. उंबरठ्याच्या आत यायचं नाही." त्यांनी पदराला हात पुसले आणि त्या गेल्या. घासायला घेतलेली बाकीची भांडी तशीच राहिली.

त्या दुपारी मुलगी जेवली नाही. रात्री दोन घोट पाणी प्यायली, सकाळी तेही थुंकून टाकलं. मोबाइलवर तो सिनेमा मिळाला, चित्रकारांच्या मुलाखतीसुद्धा मिळाल्या. मेनू कोण कशाला टाकतोय! पोलादपूरच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर घेऊन या. सलाईन लावावं लागेल." सलाईन म्हणजे काय ते मला माहीत होतं. एकदा लावलं होतं, चार जणांनी तिचे हातपाय धरले होते. त्यानंतर महिनाभर तिने कुणालाच जवळ येऊ दिलं नव्हतं. मलाही.

दिरांना तिच्याजवळ बसवून मी महाडला गेले. बाजारात एका चाचांची पूर्वी सीडींची लायब्ररी होती. आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. चाचांनी माझी सीडी उजेडात धरली आणि ते चुकचुकले.

"बाई, घासायची तर मधून बाहेर, सरळ. गोल घासली की प्लेअरचा वाचणारा डोळा चुकतो."

तरी त्यांनी टूथपेस्ट लावून, मऊ फडक्याने, जणू माझ्याच पोरीचं तोंड पुसताहेत अशी ती पुसली. प्लेअरमध्ये घातली. घरघर. निळा पडदा. पुन्हा पुसली, पुन्हा निळा पडदा. मग ते माळ्यावर चढले आणि गोणी घेऊन उतरले. पुरात डबे गेले होते, सीडी त्यांनी धुऊन ठेवल्या होत्या, वर मार्करने नावं लिहून. अर्ध्या तासाने त्या सिनेमाची सापडली. एकच.

"दुसरी?" मी विचारलं.

"आपल्याकडे एकच यायची. हे जादा सामान इथे कुणी मागायचंच नाही. पण हिच्यावरही मेनू असेल की. बघा लावून."

दुकानात लावून बघायचा धीर मला झाला नाही. तिच्यावर तो मेनू नसता तर मग कुठे जायचं होतं?

येताना कशेडी घाटात दरड आली होती. ट्रकांची रांग पोलादपूरच्याही अलीकडे आलेली, म्हणून गाडीतून उतरून चालत सुटले. चार वाजून गेले होते. चालता चालता वाटलं, खार नसली तर निदान ते सूर तरी तोंडाने काढू. मी आठवायला लागले. पहिला सूर वर जातो की खाली, तेसुद्धा आठवेना. चार वर्षं, दिवसातून तीनदा मी ते ऐकलं होतं. म्हणजे कानावर पडलं होतं. भरवताना मी मनात उद्याची भाजी ठरवायचे, पेपर तपासायचे. त्या रस्त्यावर मला स्वतःचीच किळस आली.

घरी आल्याबरोबर मी पेज कालवली आणि सीडी लावली. मुलगी सुकलेल्या ओठांनी भिंतीशी पडली होती, ती उठून बसली. मेनू आला. रंगीत होता. सगळी पात्रं ओळीने उभी, फोटोसारखी, न हलणारी. खार त्यांच्यात होती, तपकिरी रंग भरलेली. आवाज नव्हता.

ती वाट बघत राहिली. मीही. मग तिने डोकं भिंतीवर आपटलं. मी हात मधे घातला तर तिने तो चावला. डॉक्टरांना फोन करायला मी मोबाइल उचलला.

तेव्हा दारात वहिनी दिसल्या. "मी नाय हात लावत गो," त्या म्हणाल्या. "इथंच बसते." आणि त्या उंबरठ्याच्या बाहेर बसल्या, हात मांडीखाली दाबून, आणि गुणगुणायला लागल्या.

पहिला सूर खाली जात होता. मग दोन वर, एक लांबलेला, आणि पुढचे छोटे छोटे, खार धावते तसे. भिंतीपलीकडे चूल फुंकता फुंकता, तांदूळ निवडता निवडता त्यांनी ते सगळं उचललं होतं. शेवटचा सूर संपला आणि त्या थांबल्या. नेमक्या तेवढ्याच थांबल्या.

मुलीचं डोकं भिंतीपासून सुटलं. तिने तोंड उघडलं.

आणि मी वाटी धरून नुसती बघत बसले. घास चुकला. तिचं तोंड मिटलं, मनगट पुन्हा दाताकडे गेलं. वहिनींनी पहिल्यापासून सुरू केलं आणि डोळ्यांनी मला वाटी दाखवली. या वेळी मी चमचा भरून तयार ठेवला. सूर थांबले. तोंड उघडलं. पेज आत गेली आणि तिने गिळली.

मला हायसं वाटलं, लाज वाटली, आणि खरं सांगते, हेवा वाटला. माझी पोर कशावर जेवते ते तिच्या आईला येत नव्हतं, भिंतीपलीकडच्या बाईला येत होतं.

पाच-सहा घास गेल्यावर मी म्हणाले, "वहिनी, आत या. तिच्याजवळ बसा. मी चुकले."

त्यांनी नुसती मान डोलावली आणि त्या गुणगुणत राहिल्या. उत्तर द्यायला थांबल्या असत्या तर एक घास चुकला असता.