सुनंदाच्या नावापुढचा रकाना

हे मी कोणापाशीच बोलले नाही. मालकापाशी नाही, पोरापाशी नाही, आणि जिच्यासोबत एका डब्यात जेवले तिच्यापाशी तर नाहीच — खरं म्हणजे तिलाच सांगायचं होतं. आज लिहायला बसले तर पोरगा म्हणतो, "माय, आता काऊन उकरून राह्यली? शाल भेटली, फोटो लागला, बस की." शाल भेटली म्हणूनच तर, बापा. पेटीत पडून आहे ती. घडी मोडली नाही मी तिची.

मी आशा होते. संग्रामपूरकडच्या आमच्या गावात घरोघर फिरून गरोदर बायांची, लेकरांच्या डोसांची नोंद ठेवणारी बाई. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं रजिस्टर भरता भरता शिकले. अक्षर मात्र वळणदार. म्हणून उपकेंद्रात कोणताही कागद आला की आमची रीत ठरलेली — पाचही जणींनी आधी कोऱ्यावर सह्या करायच्या अन् आपापल्या वस्तीवर निघायचं. मजकूर मागून मी भरायची. कधी कोणी वाचून पाहिलं नाही. मावशीनं लिहिलं म्हणजे बरोबरच असणार, नाही का?

सुनंदा आमच्यात सगळ्यात लहान. माहेर मलकापूरचं, तोंडानं चुरचुरीत. कोरोनाच्या सुरुवातीला आम्हाला बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं मशीन दिलं, तर मला म्हणे, "मावशी, पह्यले तुमच्याच बोटाले लावा. लोकायच्या आधी तुमचाच दम भरून राह्यला." असं हसवायची पोरगी.

दुसऱ्या लाटेत ती हसायची थांबली. सगळ्यात जास्त आजारी घरं तिच्याच वस्तीत. एकानं ओसरीवरून तिच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं, रोग घेऊन येते म्हणून. दोन वर्षांची लेक तिनं मलकापूरला आईपाशी ठेवली होती, ती फोनवर तिला ओळखेना. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. एका दुपारी उपकेंद्राच्या पायरीवर माझ्याजवळ बसली अन् म्हणाली, "हिरीपाशी गेली नं मावशी, का मले लय शांत वाटते."

समजलं का मला? समजलं. मी एवढ्या बायांची बाळंतपणं पाहिलेली, घरातली रडणी ऐकलेली — मला नाही समजणार? मी म्हटलं, चहा घे.

त्याच आठवड्यात तो कागद आला. आरोग्यवाल्यांच्या मनाची विचारपूस करणारा. सहा प्रश्न — झोप उडाली आहे का, धडधड होते का, रडू येतं का, असे. शेवटचा, जगणं नकोसं वाटतं का. पुढं हो किंवा नाही. सुनंदानं सही केली, पेन माझ्या हातात दिला अन् हळूच म्हणाली, "माझ्यापुढं हो लिहजा मावशी. सगळ्यायलेच हो."

मी सगळ्यालाच 'नाही' लिहिलं.

कशासाठी? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले — पोरीला गावानं वेडी म्हणू नये म्हणून, सासू घराबाहेर काढेल म्हणून. छान वाटतं असं सांगायला. पण ते खोटं आहे. खरं एवढंच, की सुनंदाला घरी बसवलं असतं तर तिची वस्ती माझ्याकडे आली असती. मला त्या वस्तीत जायचं नव्हतं. मला मरायचं नव्हतं. म्हणून ती जावी.

पुढं जिल्ह्याहून मनाच्या डॉक्टर बाई आल्या. ज्यांनी 'हो' लिहिलं त्यांची नावं वाचून एकेकीला आत बोलावत होत्या. शेजारच्या उपकेंद्रातल्या दोघी गेल्या. सुनंदा माझ्या बाजूला होती. दर नावाला ती जराशी उठायची. यादी संपली. आमच्याकडे पाहून बाई म्हणाल्या, तुमचा गट मोठा खंबीर. मी मान हलवली. सुनंदानं पदर सारखा केला अन् बसून राहिली.

तीन आठवड्यांनी तिला विहिरीतून काढलं. वाचली. गाव म्हणालं, पाय घसरला. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं तर मीही तेच सांगितलं.

आता मला कोणी सांगू नका, की त्या काळात सगळेच घाबरलेले होते. सुनंदा माझ्याहून जास्त घाबरलेली होती, अन् रोज त्या वस्तीत जात होती. भीती वाटते हे तिनं तोंडानं म्हटलं, सही करून म्हटलं. त्याला वेड म्हणणाऱ्यानं माझ्या दारात यावं, बसून बोलू. खंबीर होती ती. सत्काराची शाल मला भेटली. आमच्यावर फुलं उधळली, आम्हाला योद्धा म्हटलं — त्यातली एक योद्धा कशी होती ते लिहून ठेवते आहे. गावाची बदनामी होते म्हणतील. होऊ द्या. माझी आधी होऊ द्या.

सुनंदा आता मलकापूरला असते. लेक शाळेत जाते. सणाला न चुकता फोन करते, अजून मावशीच म्हणते. मागच्या वेळी बोलता बोलता म्हणाली, "वरच्यायनंच माह्यं नाव गाळलं असन नं? तुमी तं लिहलं होतं."

मी म्हटलं, "हाव."

तो हाव आज परत घेते. हे छापून येण्याआधी तिच्याकडे जाईल, मीच घेऊन जाणार आहे. सुनंदा, वरच्यांनी काही गाळलं नाही. कागद इथून गेला तसाच तिथं पोचला. सहा प्रश्न, सहा वेळा नाही, खाली तुझी सही.

अक्षर माझं.