झॉम्बींच्या गावात बाबा

मी जव्हारला शाळेत शिकवते आणि घरी आल्यावर झॉम्बी मारते. दोन्हीकडे धीर सारखाच लागतो, फक्त झॉम्बींचे पालक भेटायला येत नाहीत. माझा खेळ ओपन वर्ल्ड आहे. म्हणजे कुठलाही रस्ता धरा, कुठल्याही घरात शिरा, कोणी हटकत नाही. साथ येऊन माणसं मेलीत, मेलेली उठून चावत सुटलीत आणि आपला नायक कुऱ्हाड घेऊन एकटाच फिरतोय, एवढीच गोष्ट.

खेळाचे गुण सांगायचे तर आधी रस्ते. जग बुडालंय, पण डांबर शाबूत. आमच्याकडे मोखाड्याला जाऊन आलं की अंगातली हाडं जागच्या जागी आहेत का ते बघावं लागतं. त्या देशात माणूस उरला नाही, पण खड्डाही नाही. वाटेत टाकून दिलेली कुठलीही गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. औषधपाण्याची सोय तर विचारूच नका. पोटात सुरा गेला तरी एक पट्टी गुंडाळली की गडी धावायला तयार. आमच्याकडे ताप जरा चढला की सांगतात, नाशिकला न्या.

दोषही आहेत. पाऊस कोसळतो, पण चिखल होत नाही. नायक एकटा असला तरी बडबडतो फार. आणि कुऱ्हाड थोडे घाव घातले की मोडते. हा खेळ बनवणाऱ्यांनी जन्मात लाकूड फोडलेलं नसणार.

गेल्या थंडीत बाबा माझ्याकडे आले. आले कसले, मी उचलून आणले. आमचं गाव जामसरच्या पलीकडे. दिवाळीनंतर भात झोडून झालं की गाव रिकामं होतं. जो तो बिऱ्हाड बांधून वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो. मागे राहतात म्हातारी माणसं. आई गेल्यापासून बाबा एकटेच. तापाने फणफणून घरात पडून होते आणि कोणाला पत्ता नव्हता. शेजारची आजी हरवलेली शेळी शोधत दारात आली, म्हणून कळलं. म्हणजे माझे वडील शेळीच्या कृपेने वाचले. मी त्याच दिवशी ठरवलं, आता यांना परत पाठवायचं नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

पण जव्हारला त्यांना करमेना. टीव्हीवरच्या मालिकांतल्या बायका झोपतानाही दागिने घालतात, हे बघून ते दोन दिवसांत कंटाळले. मग मी खेळ लावला. नायक एका गावात शिरला. दारं बंद, अंगणात पालापाचोळा, विहिरीवर कोणी नाही. बाबा पुढे सरकून बसले.

"हे कुठलं गाव?"

"परदेशातलं आहे, बाबा."

"मंग तिथली माणसं पण भट्टीवर जातात?"

मी समजावलं की ही सगळी मेली आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. मी कुऱ्हाडीने एक दार फोडलं, तसे ते एकदम ओरडले. "लोकांचं घर हाय ते! शिमग्याला आली म्हणजे काय सांगशील त्यांना?" मग रिमोट माझ्या हातातून त्यांच्या हातात गेला आणि त्या खेळाच्या इतिहासात नसेल असा खेळ सुरू झाला. बाबा घरात शिरत नसत. उघडं दार दिसलं की लोटून घेत. फळीवरच्या डब्यांना हात लावत नसत, कारण ते दुसऱ्याच्या घरचं धान्य. नायक उपाशी मरायचा. मी पुन्हा सुरू करून द्यायची, तो पुन्हा सज्जनपणे मरायचा.

एकदा एका घरातून एक म्हातारी झॉम्बी झोकांड्या खात बाहेर आली. मी म्हटलं, "मारा, मारा!" बाबा बघत राहिले.

"हिला मागं ठेवून गेलीत सगली," ते म्हणाले. "कोणी जेवाया घातलं नाय हिला."

म्हातारीने नायकाच्या गळ्याचा लचका तोडला. दयेपोटी मेलेला नायक मी पहिल्यांदाच पाहिला. मी हसले. बाबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी भरून बसले होते. कमरेच्या करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा. भट्टीवर जाणारी माणसं घराची किल्ली मागे राहणाऱ्याकडे देतात आणि होळीला येऊन मागून नेतात, ही आमच्याकडची रीत. आमच्या पाड्याच्या सगळ्या किल्ल्या बाबांकडे असतात.

"कुलपं काय पळून जाणार आहेत?" मी चिडून म्हणाले.

"माणसं येतील. तवा मी तिथं नको?"

"एकटे मराल तिथे!" हे मी ओरडून बोलले. शेजारणीने खिडकीतून डोकावलं.

"मंग तू ये बघाया," बाबा म्हणाले आणि स्टँडकडे चालू लागले.

होळीला मी जीप ठरवूनच गेले. सण झाला की पिशवीसकट उचलायचे, असं पक्कं ठरवलं होतं. गाव भरलं होतं. ढोल, पोरांचा गलका, उन्हाने काळवंडलेली, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं. बाबा ओटीवर बसले होते. एकेक जण समोर येऊन उभा राही, बाबा जुडग्यातली त्याची किल्ली न चुकता सोडवून देत, भट्टीवर कोण आजारी होतं ते विचारत. मी जीपमधून उतरून मनात बोलणं जुळवत पुढे गेले.

त्यांनी मान वर केली. जुडगा चाचपला, एक किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आलीस? ही तुझ्या खोलीची. झाडून ठेवलीय."

एवढं बोलून ते माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईची किल्ली शोधायला लागले. मी बाजूला झाले, आणि सगळ्या गावासमोर मला रडू फुटलं.